विद्यार्थी परिषद एका वर्षाची, झाड तीन वर्षांचं: कॅम्पसवर पर्यावरणाचं काम टिकवायचं कसं

‘जागतिक पर्यावरण दिनानिमित्त महाविद्यालयात वृक्षारोपण उत्साहात संपन्न.’ जूनच्या पहिल्या आठवड्यात कुठल्याही जिल्ह्याचं स्थानिक पान उघडा, ही बातमी असतेच. खाली फोटो. रोप एक, त्याला हात लावलेले मान्यवर सहा. बातमीत सगळ्यांची नावं पदांसकट येतात. सूत्रसंचालन कोणी केलं आणि आभार कोणी मानले तेही येतं. रोप कशाचं होतं, एवढंच येत नाही.

त्यात ५ जूनला महाराष्ट्रातल्या बहुतेक महाविद्यालयांना सुट्टी असते. मुलं गावी, वसतिगृह रिकामं, आणि पाऊस अजून नीट सुरू झालेला नसतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात गैरसोयीचा दिवस आपण झाडं लावायला निवडतो. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लावलं जातं आणि बातमीही तीच छापून येते.

हा लेख विद्यार्थी परिषदेत निवडून आलेल्या किंवा नेमलेल्या मुलामुलींसाठी आहे. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या, म्हणजे एनएसएसच्या, कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही तो उपयोगी पडेल. मुद्दा एकच आहे. परिषद दरवर्षी बदलते, पण झाड, खतखड्डा, पाण्याची गळती आणि विजेचं बिल यांना वर्ष संपल्याचं कळत नाही. म्हणून कॅम्पसवरचं पर्यावरणाचं काम म्हणजे मुळात नोंद ठेवण्याचं आणि ती पुढच्यांच्या हातात देण्याचं काम आहे.

आधी आपलं वर्ष नीट बघा

महाराष्ट्रात विद्यार्थी परिषदेचा इतिहास जरा अडखळतच चालला आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका गेल्या आणि वर्गात पहिला येणारा वर्गप्रतिनिधी, म्हणजे सीआर, होऊ लागला. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांची तरतूद परत आणली. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी अशी पदं ठरली. २०१९ मध्ये निवडणुका होणार होत्या, पण विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर त्या पुढे ढकलल्या गेल्या. बऱ्याच ठिकाणी सीआर अजूनही गुणपत्रिकेवरच ठरतो. तो प्रश्न या लेखात सुटणार नाही. आपल्याला महत्त्वाचं हे, की परिषद कशीही आली तरी ती उशिरा येते.

प्रवेश लांबतात, याद्या लागतात, आणि परिषद स्थापन होईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. मग गणपती, मग सत्र परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जरा श्वास मिळतो तोवर एनएसएसचं सात दिवसांचं निवासी शिबिर येतं, जानेवारी-फेब्रुवारीत गॅदरिंग, आणि मार्चपासून कुणी कुणाचा फोन उचलत नाही. हाती खरे कामाचे महिने चारच: सप्टेंबर, डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारी. कागदावर बारा महिन्यांचा ‘हरित आराखडा’ काढण्याआधी हे मान्य करा.

यातून सरळ निष्कर्ष निघतो. झाडं लावण्याचा हंगाम जून ते ऑगस्ट. म्हणजे तुमची परिषद झाडं लावायला उशिरा आणि आधीच्यांची झाडं जगवायला अगदी वेळेवर आलेली असते. तुमच्या वर्षाचं काम लागवड नाही, उन्हाळा पार करून देणं आहे. हे ऐकायला फारसं आकर्षक नाही, मला कल्पना आहे.

कुणाला भेटायचं, पैसे कुठून आणायचे

प्राचार्यांकडे थेट जाऊ नका. आधी विद्यार्थी विकास अधिकारी, एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी आणि कार्यालयीन अधीक्षक या तिघांना भेटा. अधीक्षकांना विसरणारी परिषद जानेवारीतही ‘फाईल वर गेली आहे’ हेच ऐकत बसते.

अर्ज एका पानाचा असावा. त्यात काय करणार, कुठे करणार, किती विद्यार्थी, किती खर्च आणि कोण जबाबदार, एवढंच. ‘पर्यावरणाचा ऱ्हास ही आज जागतिक समस्या बनली आहे’ या वाक्याने सुरू होणारा अर्ज कुणी दुसऱ्या ओळीपर्यंत वाचत नाही. खरेदी असेल तर दरपत्रकं जोडा. अग्रिम रक्कम घेतली तर पावत्या त्याच आठवड्यात जमा करा. पावती हरवली की पुढच्या वेळी अग्रिम मिळत नाही, आणि ती वेळ तुमच्यावर नाही, पुढच्या परिषदेवर येते.

एक चावी मात्र खिशात ठेवा. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनात संस्थात्मक मूल्यं आणि उत्तम उपक्रमही तपासले जातात. कचरा व्यवस्थापन, पाणी, ऊर्जा, हरित परीक्षण हे सगळं तिथे विचारलं जातं आणि पुरावा मागितला जातो. महाविद्यालयाला ती आकडेवारी हवीच असते, बहुतेकदा घाईघाईत आणि शेवटच्या महिन्यात. ‘आम्ही दर महिन्याची नोंद तुम्हाला देतो, तुम्ही आम्हाला वजनकाटा आणि खतखड्ड्याला जागा द्या’ असं बोलून बघा. अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे सर किंवा मॅडम तुमच्या बाजूला येतात.

मनुष्यबळासाठी दोन वाटा आहेत. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम करायचंच असतं. भाषणं ऐकण्यात जाणारे तास इकडे वळवा. दुसरी वाट ‘कमवा आणि शिका’. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या विचारातून आलेली ही योजना अनेक महाविद्यालयांत आहे आणि त्यात मुलांना तासाप्रमाणे मानधन मिळतं. झाडांना पाणी घालणं, रोपवाटिका सांभाळणं ही कामं त्यात बसतात. स्वयंसेवक परीक्षेच्या काळात गायब होतो. ज्याच्या मेसचं बिल या मानधनावर चालतं तो पोरगा येतो.

कचरा एकदा हाताने बघा

पोस्टर स्पर्धेने सुरुवात करू नका. सुरुवात कचऱ्याने करा, आणि तीही सफाई करणाऱ्या मावशींपासून. कुठल्या मजल्यावरचा डबा दुपारपर्यंत भरतो, कुठल्या विभागातून काच येते, वसतिगृहाच्या मागे काय जळतं, हे मावशींना तोंडपाठ असतं. अर्धा तास त्यांच्यासोबत फिरा. ‘मावशी, तुम्हाला कुठल्या डब्याचा सगळ्यात जास्त त्रास होतो?’ एवढा एक प्रश्न पुरतो. तिथूनच काम सुरू करायचं असतं.

मग कचरा मोजणीचा एक दिवस ठरवा. सोमवार नको, सणाच्या आदला-नंतरचा दिवस नको, गॅदरिंगचा तर नकोच. साधा मंगळवार-बुधवार. आदल्या दिवशी मावशींना आणि घंटागाडीवाल्याला सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही ताडपत्री अंथरेपर्यंत कचरा निघून गेलेला असतो.

लागणारं सामान: मोठी ताडपत्री, हुकाचा वजनकाटा, रबरी हातमोजे, मास्क, चिमटे, सहा रिकामी पोती, खडू आणि वही. कँटीन, वर्ग, कार्यालय, वसतिगृह आणि प्रयोगशाळा यांचा कचरा एकत्र करायचा नाही. प्रत्येक ठिकाणची पिशवी वेगळी आणा, तिच्यावर जागा लिहा, आधी तशीच वजन करा आणि मगच ताडपत्रीवर ओता. एकदा मिसळला की कोणाचा काय ते कळत नाही आणि सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

ढीग सहा करा: ओला, कागद-पुठ्ठा, भंगारवाला घेईल असं प्लास्टिक-धातू-काच, वेफर्स-बिस्किटांची चकचकीत वेष्टनं, चहाचे कागदी कप, आणि उरलेलं. सॅनिटरी पॅड आणि प्रयोगशाळेचा कचरा स्वयंसेवकांनी उघडायचा नाही. बांधलेली पिशवी तशीच वजन करून बाजूला ठेवायची. या कचऱ्यासाठी पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेने लाल ठिपक्याची साधी पद्धत रूढ केली: पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे वेचणाऱ्या बाईला ते उघडून बघावं लागत नाही. मुलींच्या प्रसाधनगृहात जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे, सुतळीला बांधलेला लाल मार्कर आणि एक झाकणाचा डबा ठेवायला काहीशे रुपये लागतात. संपूर्ण वर्षात दुसरं काही जमलं नाही तरी हे करा.

वजनं लिहिताना काही गोष्टी हमखास दिसतात. ओला कचरा जड असतो आणि तो जवळजवळ सगळा कँटीन-मेसमधून येतो. वेष्टनं वजनाला नगण्य, पण पोत्यात सगळ्यात जास्त जागा खातात. म्हणून वजनासोबत ‘किती पोती भरली’ हेही लिहा. आणि चहाचे कागदी कप. ते कागदाचे म्हणून लोकांना निरुपद्रवी वाटतात, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. रद्दीवाला ते घेत नाही, खतखड्ड्यात ते कुजत नाहीत.

दिवसाचा एकूण आकडाही महत्त्वाचा आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी रोज सरासरी १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक मानलं आणि ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारात जिरवायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. वसतिगृह आणि मेस असलेला कॅम्पस हा टप्पा सहज ओलांडू शकतो. तुमच्या वहीतला आकडा तिथे पोचला, तर खतखड्डा ही विनंती राहत नाही.

मोजणीनंतर: तीनच कामं निवडा

ओल्या कचऱ्यासाठी महागडं यंत्र घेण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. यंत्राचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते आणि दुरुस्तीचा करार संपला की त्यावर पाल टाकतात. त्यापेक्षा विटांचे दोन खड्डे बांधा, हवा खेळेल अशा फटी ठेवून. एक भरत असताना दुसरा पिकतो. तळाला काड्या-कुटक्या, त्यावर ओल्याचा थर, त्यावर दुप्पट-तिप्पट आकारमानाचा वाळक्या पानांचा थर. सुरुवातीला शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा. वास यायला लागला तर पाणी जास्त झालं आहे आणि पानं कमी पडली आहेत. वर-खाली करा आणि पानं घाला. मूठभर मिश्रण हातात दाबलं की हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. दर आठवड्याला हलवलं तर साधारण दोन-अडीच महिन्यांत खत काळं, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं होतं.

पानांचा प्रश्न वेगळा घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की कॅम्पसवर सकाळी धुराची एक रेघ उठते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणात जाळण्याला २५,००० रुपये दंड सांगितला आहे. पण दंडाचा कागद माळीमामांपुढे नाचवू नका. त्यांना संध्याकाळपर्यंत आवार स्वच्छ दिसायला हवं, असं वरून सांगितलेलं असतं. ते जाळतात कारण टाकायला जागाच दिलेली नाही. जागा द्या. कोंबड्यांची जाळी गोल करून झाडाखाली पिंजरे उभे करा, पानं त्यात टाका, पायाने दाबा, आठवड्यातून एकदा पाणी मारा. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या चळवळीने पानं जाळण्याऐवजी हवी असलेल्या बागकामवाल्यांपर्यंत ती पोचवण्याचं काम बरीच वर्षं चालवलं आहे. तुमच्या गावातही गच्चीवर बाग करणारे असतातच, आणि पोत्याने पानं न्यायला ते स्वतः येतात.

कपांसाठी कँटीनवाल्याशी बोला, पण हिशेबाने. दिवसाला ६०० चहा जात असतील आणि कप ६० पैशांना पडत असेल, तर रोजचे ३६० रुपये कपात जातात. २० दिवसांचे ७,२०० रुपये. तेवढ्यात काचेचे ग्लास येतात आणि ते धुणाऱ्या माणसाला दोन पैसे जास्तही देता येतात. आकडे तुमच्या कँटीनचे घाला. कँटीनवाले काका भावनेला भुलत नाहीत, पण बेरीज त्यांना आपल्यापेक्षा लवकर समजते. त्यांची खरी अडचण वेगळी असते: ग्लास परत येत नाहीत. वर्गात, जिन्यात, पार्किंगमध्ये पडून राहतात. ती जबाबदारी परिषदेने घ्यायची, म्हणजे प्रत्येक मजल्यावर एक क्रेट आणि मधल्या सुट्टीनंतर तो खाली आणणारा माणूस ठरवायचा.

या तिन्हींशिवाय ई-कचऱ्याचं संकलन केलंत, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. विद्यार्थ्यांचे जुने चार्जर, इयरफोन तुम्ही गोळा करू शकता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्या संस्थेला देऊन पावती घेऊ शकता. पण महाविद्यालयाचे बंद संगणक डेड स्टॉक रजिस्टरवर असतात. त्यांचं निर्लेखन, म्हणजे नोंदीतून रीतसर काढून टाकणं, समितीने मंजूर केल्याशिवाय एक माऊससुद्धा हलवू नका. उत्साहाच्या भरात उचललेला मॉनिटर लेखापरीक्षणात परत येतो.

पाणी आणि वीज: बाटली, घड्याळ आणि जुनी बिलं

गळका नळ सापडला की त्याखाली लिटरची बाटली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. पाच मिनिटांत भरली तर तासाला १२ लिटर, दिवसाला २८८ लिटर. हा आकडा लिहिलेली चिठ्ठी त्या नळावरच चिकटवा, तारखेसह. ‘पाणी वाचवा’ लिहिलेल्या पाटीने कोणताही प्लंबर आलेला मी पाहिलेला नाही; आकडा आणि तारीख लिहिलेल्या चिठ्ठीने आलेला पाहिला आहे, कारण रोज जाणारा-येणारा ‘अजून आहेच का ही?’ असं विचारतो.

शुद्ध पाण्याच्या आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी असंच बादली लावून मोजा. ते पिण्याचं नाही, पण फरशी पुसायला आणि प्रसाधनगृहात चालतं. एक पाइप आणि एक पिंप, एवढाच खर्च.

छतावरच्या पावसाचा हिशेब तर तोंडी होतो: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १,००० चौरस मीटरचं छत आणि पुण्यासारखा ७०० मिलिमीटर पाऊस धरला, वीस टक्के सांडलं-उडालं धरलं, तरी साडेपाच लाख लिटरच्या वर जातं. रत्नागिरीकडच्या मुलांनी हा आकडा काढला तर त्यांना तो खोटा वाटेल इतका मोठा येईल.

विजेसाठी लेखा विभागातून वर्षभराची बिलं मागून घ्या आणि महिन्यागणिक युनिट वहीत उतरवा. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. असे १०० पंखे बदलले आणि ते वर्षातले २२० दिवस, रोज आठ तास फिरले, तर सुमारे ७,९०० युनिट वाचतात. परिषद पंखे बदलू शकत नाही. पण हे गणित प्राचार्यांच्या टेबलावर असेल, तर पुढच्या वेळी पंखे घेताना दरपत्रक त्याचं मागवलं जातं.

झाडं

पहिलं काम गणना. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सोबत घ्या, कॅम्पसचे भाग पाडा, प्रत्येक झाडाला क्रमांक द्या. खिळा ठोकून पाटी लावायची नाही. रंगाने क्रमांक घाला किंवा सैल तारेला स्प्रिंग लावून पाटी अडकवा. जाती, छातीच्या उंचीवर म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर खोडाचा घेर, आणि अवस्था लिहा: निरोगी, वाळवी, सिमेंटने गळा आवळलेलं. शेवटचा प्रकार कॅम्पसवर फार सापडतो. पेव्हर ब्लॉक बसवणारा ठेकेदार बुंध्यापर्यंत ब्लॉक आणतो आणि झाड हळूहळू मरतं. बुंध्याभोवती तीन-चार फूट माती मोकळी करून घेणं हे दहा नवी रोपं लावण्यापेक्षा मोठं काम आहे.

या यादीचा आणखी एक उपयोग. शहरी भागात १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. नव्या इमारतीचा नकाशा आला की ‘इथे चार-दोन झाडंच आहेत’ असं म्हटलं जातं. तेव्हा क्रमांक, घेर आणि फोटोची यादी समोर ठेवता आली पाहिजे.

लागवड करायचीच असेल तर खड्डे मे महिन्यात घ्या, दीड बाय दीड बाय दीड फुटाचे, आणि उन्हात तापू द्या. दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, म्हणजे बहुतेक ठिकाणी जूनअखेर ते जुलै, रोप लावा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत तीन-चार फुटांची रोपं मागा. वीतभर रोप गवतात हरवतं आणि गवत कापणारा ते कापून टाकतो.

जाती निवडताना गुलमोहर आणि ग्लिरिसिडिया सोडा. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसतो देखणा, वादळात कोसळतो लवकर. बहावा, ताम्हण, पळस, पांगारा, करंज, कडुनिंब, काटेसावर यांना जागा द्या. वड, पिंपळ, उंबर हवेतच, पण इमारतीपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. विजेच्या तारांखाली उंच झाड लावू नका, नाहीतर दर मे महिन्यात वीज कंपनीचे लोक त्याचा शेंडा छाटणार. आणि हो, पाहुण्यांच्या हस्ते लावायचं रोप पार्किंगच्या कडेला नको. फोटोला बरं पडतं, पण पहिल्याच महिन्यात एखादी बुलेट त्यावर मागे येते.

आता खरा भाग: उन्हाळा. ४० रोपं, प्रत्येकाला १० लिटर, आठवड्यातून दोनदा. आठवड्याला ८०० लिटर झाले. डिसेंबर ते मे असे २४ आठवडे धरले तर १९,२०० लिटर, म्हणजे जवळजवळ दोन हजार कळश्या. कोण वाहणार? नळ कुठे आहे? पाइप पोचतो का? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या महिन्यात रोपं लावता त्याच महिन्यात कागदावर हवीत. उत्तर ४० रोपांना मिळत नसेल तर १५ लावा. आळ्यात वाळक्या पानांचं वीतभर आच्छादन घातलं की पाण्याची एक पाळी तरी वाचते. एप्रिल-मेसाठी माळीमामांशी आधीच बोला आणि ‘कमवा आणि शिका’तली जी मुलं सुट्टीत थांबणार त्यांची नावं लिहून घ्या. ‘सगळे मिळून पाणी घालू’ या वाक्यावर मे महिन्यात एकही रोप जगलेलं नाही.

फेब्रुवारीत पक्षी मोजा

हा उपक्रम बिनखर्चाचा आहे आणि एरवी न येणारी मुलंही त्यात येतात. फेब्रुवारीच्या मध्यावर शुक्रवार ते सोमवार जगभर पक्षी मोजले जातात आणि भारतात त्याचाच भाग म्हणून कॅम्पस पक्षीगणना होते. किमान १५ मिनिटं एका ठिकाणी थांबायचं, दिसेल-ऐकू येईल तो पक्षी नोंदवायचा आणि यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. तांबट, दयाळ, शिंजीर, नाचण, भारद्वाज, एखादा शिक्रा एवढे तर ग्रंथालयाच्या मागच्या बाजूलाही सापडतात. पहाटेची गर्दी नको. पाच-सहा जणांची टोळी आणि त्यात ओळखणारा एक पुरे. दरवर्षीची यादी जपली की चौथ्या-पाचव्या वर्षी ती वाचण्यासारखी होते.

गॅदरिंग आणि फ्लेक्स

इथे परिषदेची परीक्षा असते, कारण इथे कचरा करणारे आपणच असतो. प्लास्टिकच्या ताटल्या, चमचे, थर्माकोलची सजावट यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासूनची. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनरही त्यात येतात. तरी प्रवेशद्वारावर सगळ्या संघटनांचे स्वागताचे फ्लेक्स लागतात आणि सगळ्यांच्या फ्लेक्सवर हात जोडलेले वीस चेहरे असतात. सर्व संघटनांना एकाच बैठकीला बोलावून एक ठराव करून घ्या: कापडी फलक, तारीख न छापता. ‘स्नेहसंमेलन’ एवढंच लिहिलेलं कापड चार वर्षं चालतं. एका संघटनेला सांगितलंत आणि दुसरीला नाही, तर पर्यावरण बाजूला राहील आणि राजकारण सुरू होईल.

बातमी कशी द्यायची

परिषद काय करते हे बहुतेक विद्यार्थ्यांना माहीतच नसतं. सूचना फलकावर काचेआड दोन महिने जुनी सूचना असते आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर शुभ सकाळ. म्हणून महिन्याला एक पान काढा, हाताने लिहिलेलं चालेल. ते फलकावर, कँटीनमध्ये आणि ग्रुपवर फोटो म्हणून टाका. तारीख ठरलेली असावी. महिन्याचा पहिला सोमवार चांगला.

त्या पानावर चारच गोष्टी: मागच्या महिन्यात काय ठरलं होतं, त्यातलं काय झालं, काय नाही झालं आणि का, किती पैसे गेले. तिसरी गोष्ट गाळायची नाही. पान वाचलं जातं ते तिच्यासाठीच. नेहमीची पद्धत आणि ही पद्धत यांतला फरक एका काल्पनिक नमुन्यावरून बघा.

नेहमीची: ‘प्राचार्यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थी परिषदेने स्वच्छता अभियान यशस्वीरीत्या राबविले. यावेळी सर्व प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी व विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते.’

वेगळी: ‘जुलैत लावलेल्या ४० रोपांपैकी ३१ जिवंत. मेलेल्या ९ पैकी ६ पार्किंगच्या कडेची. ती जागा सोडतो आहोत. ‘बी’ इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा नळ १९ दिवस गळत होता, २३ तारखेला दुरुस्त झाला. कँटीनमधून आणलेल्या १२० ग्लासांपैकी १७ परत आले नाहीत. तुमच्याकडे असेल तर क्रेटमध्ये ठेवा, कोणी काही विचारणार नाही.’

दुसरी बातमी वाचून मुलं हसतात, वाद घालतात, आणि दोन-चार ग्लास खरंच परत येतात. वाक्यं कर्त्याची ठेवा. ‘करण्यात आले’ आलं की कोणी केलं ते कळत नाही आणि कोणी केलं नाही तेही लपतं. फोटो टाकायचा तर पाहुण्यांचा नको, त्याच झाडाचा टाका: त्याच जागेवरून, दर महिन्याला, शेजारी तीच काठी ठेवून.

बाहेरच्या वर्तमानपत्राला बातमी द्यायची तर हाच आकडा पहिल्या वाक्यात घाला. बातमीदारांकडे पर्यावरण दिनाची पत्रकं ढिगाने येतात. आठ महिन्यांनी किती झाडं जगली हे सांगणारं पत्रक मार्चमध्ये आलं तर ते वाचतात. मान्यवरांची नावं शेवटी द्या, पण द्या. आपल्याला पुढच्या वर्षीही परवानगी लागणार आहे.

नकोशी बातमी आली तर? समजा मोजणीत निघालं, की प्रयोगशाळेच्या बाटल्या घंटागाडीत जात आहेत. ते आधी विभागप्रमुखांना लेखी कळवा, पंधरा दिवसांची मुदत द्या, आणि मग पानावर ‘कळवलं आहे, उत्तराची वाट बघतो आहोत’ एवढं छापा. एकदम फलकावर लावलंत तर पुढचं दार बंद होतं, आणि दाबून ठेवलंत तर त्या पानाला अर्थ राहत नाही.

हातात काय द्यायचं

हे काम फेब्रुवारीतच करा. मार्चमध्ये कुणी भेटत नाही. एक जाड फाईल करा. त्यात झाडांची क्रमांकवार यादी आणि कॅम्पसचा नकाशा, पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता, कचरा मोजणीची पानं, बारा महिन्यांच्या विजेच्या युनिटचा कागद, पक्ष्यांची यादी, सगळी मासिक पानं, पावत्यांच्या झेरॉक्स. सोबत एक पान माणसांचं: कुठल्या कामाला कोणत्या टेबलाकडे जायचं, घंटागाडी किती वाजता येते, शेणखत कुठून मिळतं, वजनकाटा कुणाच्या कपाटात आहे आणि त्या कपाटाची चावी कोणाकडे.

पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन-दोन मुलांना डिसेंबरपासूनच सोबत घ्या. परिषदेवर नसली तरी चालेल, उलट बरं. ती पुढच्या वर्षी नक्की कॅम्पसवर असतात, परिषदेवर कोण येईल ते मात्र कुणालाच ठाऊक नसतं. फाईलची एक प्रत एनएसएसच्या कपाटात ठेवा आणि दुसरी ग्रंथपालांना देऊन तिच्यावर दाखल क्रमांक टाकून घ्या. एकदा क्रमांक पडला की ती रद्दीत जात नाही, आणि ऑगस्टमध्ये नवी परिषद आली की ग्रंथालयाच्या काउंटरवर मागून घेता येते.